आईकडच्या नळीवर बूट

तीर्थस्वरूप ताईस,

लांबूनच वाकून नमस्कार. (खरोखर वाकलेलो नाही, कंबर धरली आहे, का ते पुढे येईल.) तुझी आणि पोटातल्या पाहुण्यांची तब्येत कशी आहे? भावोजींचा माझ्यावरचा राग उतरला का? आईच्या पत्रातून कळलं की बाळाला अपाय नको म्हणून तू फिटच्या गोळ्या परस्पर बंद केल्यास. त्यावर मी अक्षरही बोलणार नाही. मास्तरांच्या टेबलावर वही आपटून कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाने कुणाला शहाणपण शिकवू नये, एवढं कळतं मला.

तर माझी नोकरी. बाळंतपणानंतर वार पडते ना, ती मी वाहून नेतो. (नाक मुरडू नकोस, त्या बायांनी सही करून दिलेली असते.) आईने घेतलेलं औषध वारेतून बाळापर्यंत किती पोचतं, हे पोटुशा बाईवर अजमावून बघता येत नाही, म्हणून प्रयोगशाळेत वारेलाच पुन्हा कामाला लावतात. उबदार डबा छातीशी धरून वीस मिनिटांत पोचायचं. मग तिची एक पाकळी काचेच्या पेटीत बसवतात, एकीकडून आईचा पंप, दुसरीकडून बाळाचा, आणि दोन्ही बाजूंनी गुलाबीसर पाणी फिरू लागतं. बाळ केव्हाच वॉर्डात जाऊन रडत असतं, आणि इकडे ही वेडी वार आपण अजून कुणाला तरी सांभाळतो आहोत अशा समजुतीत जगत असते. काचेवर वाफ धरते, पंप गुणगुणतात, खिडकीतलं ऊनसुद्धा पाण्यातून आल्यासारखं हलतं, आणि मला वाटतं, आपण सगळेच कोमट पाण्यात तरंगतो आहोत, अजून जन्मायचेच आहोत.

त्या पाण्यात ती असते, तिथले प्रयोग चालवणारी. (आलो एकदाचा मुद्द्यावर.) तिला सगळे सदतीस म्हणतात, कारण पेटी सदतीस अंशांवर आहे ना, हे ती दर पाच मिनिटांनी बघते. माझं तिच्यावर प्रेम आहे, त्याला इलाज नाही. परवा लिफ्टवाला म्हणाला, डबा घेऊन जिन्याने जा. मी म्हटलं, हे एका बाळाचं घर आहे, भाजीची पिशवी नाही. शब्दाने शब्द वाढला आणि चार मजले मी तावातावाने पायीच चढलो. (कंबर तिथे गेली.) तरी वेळेत पोचलो. ती म्हणाली, बरं. त्या एवढ्याशा ‘बरं’वर तरंगत स्टुलावर जाऊन बसलो, तो नेमका सिलिंडरमधून आईकडच्या बाटलीत प्राणवायू नेणाऱ्या नळीवर बूट ठेवून. बाळाच्या बाजूला कुणी बोटही लावलं नव्हतं. पंप इमानाने फिरत होता. तरी तिथला प्राणवायूचा आकडा उतरत गेला, आणि मी तो स्वप्नात बघावा तसा बघत राहिलो. तिने खुर्ची सरकवावी तसा माझा पाय उचलून बाजूला ठेवला. मी चिडून म्हटलं, बाळाकडच्या बाजूला मी काही केलेलं नाही.

ती शांतपणे म्हणाली, “आईची बाजू बंद पडल्यावर बाळाला वेगळं काय करावं लागतं?”

असो. पाकळी वाचली. काळजी घे.

तुझा (आता बूट दाराबाहेर काढून बसणारा) भाऊ

ता. क. : बोलणार नव्हतो, पण राहवत नाही. तुझ्या गोळीतलं थोडं औषध पलीकडे जात असेल, खोटं कशाला सांगू. कुठली गोळी, किती, हे तुझ्या डॉक्टरीणबाई ठरवतील. पण फिट आली की आईकडच्या नळीवर बूट पडतो, ताई. आजच त्यांच्याकडे जा. मला भाचरू हवं आहे, पण तूही हवी आहेस. नाहीतर मी भांडू कुणाशी?

आणखी ता. क. : वरचं बरोबर आहे का हे बघायला सदतीसला फक्त शेवटचं पान द्यायचं होतं, घाईत अख्खं पत्र दिलं. तिने लाल पेनाने ‘वीस’ खोडून ‘पंचवीस’ केलं आहे आणि ‘आजच’खाली दोन रेघा ओढल्या आहेत. प्रेमाच्या वाक्याला हात लावलेला नाही. ती चूक कधी सोडत नाही, ताई.