भिंतीकडे तोंड

मस्तगड, जालना
७ जानेवारी १९९४

ती. सत्यशीलाअक्कास धर्मराजचा सविनय जयभीम वि. वि.

आम्ही सर्व कुशल. विहारात आलेल्या जपानी भंतेंकडून मी बैठक शिकलो. तिला ते झेन म्हणतात. आपलंच 'ध्यान' परदेश फिरून आलं, एवढं संस्कृतच्या मास्तराला कळलं. पुढचं जमत नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचं, श्वास एक ते दहा मोजायचे, विचार आला की त्याच्यामागे न जाता पुन्हा एकपासून. तीनवर माझा गुडघा येतो, चारवर बेबीनंदाचं लग्न. तुझ्या शेजारचे तातेराव मुलासाठी आमच्या पोरीला बघायला येणार म्हणालीस, दिवस काही कळवला नाहीस. म्हणून ते रोज सकाळी माझ्या डोक्यात येतात, चपला काढतात, खोकतात. मी त्यांना जाऊ देतो. भंतेंनी तसंच सांगितलं आहे.

भावोजींना जयभीम. लोभ आहेच, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
धर्मराज

वाटूर
१८ जानेवारी १९९४

चि. धर्मराजास अक्काचे अनेक आशीर्वाद.

देऊन राह्यले, पण मनापासून न्हाई. रविवारी तातेराव अन् गिरिजाबाई तुझ्याकडं आल्ते. प्रभावती पोरीला घेऊन वंदनेला गेल्ती. दार उघडं, अन् तू भिंतीकडं तोंड करून. तातेराव दोनदा जयभीम म्हणाले, गिरिजाबाईनं पोरगी कुठाय विचारलं. तू मान बी वळवली न्हाई. आपल्यात असं कोण बसतं? रुसलेला माणूस. मंग ते पाणी बी न पिता परतले. बापाच्या मनात न्हाई तर जबरदस्ती कशाला, म्हणतात. आता परतूरची पोरगी बघायला निघालेत.

दिवाळीत माझ्याकडं आल्ती तेव्हाच बेबीनंदाला हा मुलगा पसंत पडलाय. हे सांगायला तिला आत्या लागली, कारण बाप भिंतीत गुंतलाय. जल्दी काय ते कर.

तुझी अक्का

मस्तगड, जालना
२० जानेवारी १९९४

ती. अक्कास खालमानेनं जयभीम.

मी सगळं ऐकलं होतं. चपला, खोकला, दोन्ही जयभीम. रोजचेच ते; वाटलं, आजचा विचार जरा ठळक आहे. गिरिजाबाईंचा आवाज तर कधी ऐकला नव्हता, तरी मन तो इतका बराबर काढतंय म्हणून कौतुकच वाटलं. मी त्यांना जाऊ दिलं, आणि त्याच दिवशी पहिल्यांदा दहापर्यंत पोचलो. खुशीत उठलो तर शेजारच्या साळूबाई विचारायला आल्या, पाहुणे लगेच का गेले.

पाहुण्यांसाठी काढलेल्या नव्या कपबशा बेबीनंदानं पुसून परत खोक्यात भरल्या. तेव्हापासून मला बसवत नाही. शनिवारच्या एस.टी.नं येतो. तोवर तातेरावांना परतूरला जाऊ देऊ नकोस.

कान धरायला मोकळीक आहे.

धर्मराज

मस्तगड, जालना
३० जानेवारी १९९४

ती. अक्कास सविनय जयभीम वि. वि.

सुखरूप पोचलो. तू विहिरीवर गेल्यावर मी त्यांना घडलं ते सगळं सांगितलं, तेव्हा तातेरावांनी विचारलं की, खरा पाहुणा आणि मनातला पाहुणा ओळखायचा कसा. मी आपले कान धरले. ते हसले. गिरिजाबाई हसल्या नाहीत, पण लग्न बुद्धपौर्णिमेच्या आठवड्यात धरा असं त्याच म्हणाल्या. घरी हे सांगितलं तेव्हा बेबीनंदा आत निघून गेली. प्रभावती म्हणते, तिला आनंद झाला आहे.

बैठक चालू आहे. हल्ली चाहूल लागली की आधी वळून पाहतो. काल शेळी होती; तिलाही जयभीम केला. फक्त बेबीनंदाच्या पावलांना वळत नाही, ती खरीच असतात. लग्नानंतर ती ऐकू येतील ती मनातलीच असतील, तेव्हाही वळायची गरज पडणार नाही.

तुझा लोभ रागासकट राहू दे.

धर्मराज