आम्ही मारलेली जिवंत माणसं

ती. मामांना, धाकट्या भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता काय म्हणतो? मामींची झोप सुधारली का? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त सोमवारी सकाळी उघडं पडलेलं तोंड अजून नीट मिटलेलं नाही. फोनच करणार होते, पण सध्या फोन हातात घ्यायचीच भीती वाटते, म्हणून कागद घेतला.

तुम्ही प्रत्येक लग्नात मला "तू नक्की करतेस काय?" विचारता आणि मी दर वेळी विषय जेवणाकडे वळवते. आता सांगणं भागच आहे. बऱ्याच रुग्णालयांतल्या लाखो माणसांनी आपणहून रक्ताचे नमुने, तपासण्यांचे निकाल, आजारपणाचा सगळा इतिहास आमच्या संशोधन संस्थेला दिलाय. कुणाचं हृदय का दगा देतं, कुणाची साखर का वाढते, हे त्यातून शोधायचं. डॉक्टर प्रश्न काढतात, इंजिनिअर संगणक चालवतात, आणि दोघांनाही एकमेकांचं बोलणं कळत नाही. त्यांच्या मधे उभं राहून 'हे कधी होणार' विचारत फिरणाऱ्यांना प्रोग्रॅम मॅनेजर म्हणतात. असे पाच जण आहेत, आणि त्या पाचांना 'हे कधी होणार' विचारणारी मी. (हसू नका. याच्यासाठी मला वेगळी केबिन आहे. खिडकी नाही, पण केबिन आहे.)

पाचांतल्या एकाला आम्ही 'होऊनजाईल' म्हणतो, कारण काहीही विचारा, तो तेवढंच म्हणतो. दुसरा शंकासुर. त्याच्या शंका संपेपर्यंत बैठकीतला चहा दोनदा गार होतो. सगळ्या रुग्णालयांची माहिती एकत्र करण्याची बैठक होती, त्या दिवशी तो नेमका अक्कलदाढ काढायला गेला होता. बैठक वेळेआधी संपली आणि आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं.

आता ऐका. रुग्णाचं पुढे काय झालं ते रुग्णालयं आकड्यात लिहितात. बहुतेक ठिकाणी चार म्हणजे 'मृत्यू'. नदीपलीकडच्या रुग्णालयात मात्र चार म्हणजे 'बरा होऊन घरी गेला'. आम्ही सगळं एकत्र केलं आणि तिथून टुणटुणीत होऊन घरी गेलेली यच्चयावत माणसं एका झटक्यात मेली! एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण आमची संस्था पडली हळवी. (कल्पना माझीच, आणि तिचं कौतुकही झालं होतं.) कुणी गेलं की घरच्यांच्या मोबाईलवर सांत्वनाचा मेसेज आपोआप जातो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी.

तो सोमवार उजाडला. मी ऑफिसात पोचले तर खालचा हॉल मयतांनी गच्च भरलेला! एक व्यायामशिक्षक टेबलावर मूठ आपटत होते, "मी अंघोळ करून बाहेर येतो तर घरात रडारड! आईला तर सलाइन लावायला लागलं!" एका आजीबाईंनी नाव नोंदवताना स्वतःचाच नंबर दिलेला. त्या म्हणाल्या, "मी गेले हे मलाच कळवलंत, चांगलं केलंत. पण कधी गेले ते नाही लिहिलंत." तेवढ्यात होऊनजाईल पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "आपल्या सगळ्यांना आजच्या आज जिवंत करतो." मी त्याला बाहीला धरून मागे ओढला.

शंकासुराने सुजल्या गालाने तासाभरात घोळ शोधून काढला, आणि दुपारी गर्दी ओसरली. कोपऱ्यात एक बाई तेवढ्या बसून होत्या. शिवणकाम करणाऱ्या असाव्यात, मापाची टेप गळ्यात तशीच होती. मी जवळ जाऊन सकाळपासून घोकलेलं म्हटलं, "चूक झाली हो, तुमचे यजमान सुखरूप आहेत..."

"नाहीत," त्या म्हणाल्या. "मागच्या हिवाळ्यात गेले."

मी हातातल्या यादीत नाव शोधायला लागले.

"मला तुमचा सांत्वनाचा मेसेज नाही आला. शेजारणीला आला, तिचा नवरा समोर दाढी करत बसलेला. मला चार दिवसांत तीनदा आलंय, 'यजमानांना वजन करायला घेऊन या.' म्हटलं, जाऊनच सांगावं."

मामा, त्या रुग्णालयात 'मृत्यू' म्हणजे पाच. आणि आमच्याकडे पाच म्हणजे 'पुन्हा तपासणीला बोलवा'.

जिवंतांची माफी सकाळपासून घोकली होती, गेलेल्यांची नव्हती. मी शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनीच विचारलं, "त्यांचं रक्त आहे ना अजून तुमच्याकडे?" मी म्हटलं, आहे, शीतगृहात आहे. "मग ते टाकू नका. फार हौसेनं दिलं होतं." आणि माझा चेहरा बघून पाणी आणायला त्याच उठल्या.

संध्याकाळी संचालक म्हणाले, 'आधीचा मेसेज रद्द समजावा' असा दुसरा मेसेज पाठवून मोकळे होऊ. मी आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर हात आपटला (अजून दुखतोय). म्हटलं, मेसेज नाही. प्रत्येक घरी माणूस फोन करेल, जिवंतांच्या घरी आणि गेलेल्यांच्याही. आणि शंकासुराची शेवटची शंका फिटेपर्यंत एक आकडा दुसऱ्याला चिकटवायचा नाही. संचालक इतके दचकले की हो म्हणाले. शेकडो लोक नाव काढून घ्यायच्या बेतात आहेत. ते गेले तर इतक्या वर्षांचं काम पाण्यात. उद्यापासून आम्ही सहाजण फोनवर बसतोय.

घरातल्या मोठ्यांना वाकून आणि छोट्यांचे गाल ओढून नमस्कार-आशीर्वाद पोचवा.

तुमची, अजून धक्क्यातच असलेली,
धाकटी

ता.क. सहाजणांनी हे उरकणार नाही. तुम्ही वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीत उभी हयात काढलीत. शिव्या खाण्याचा तुमच्याइतका अनुभव आमच्यात कुणालाच नाही. आठ दिवस येता का?

आणखी ता.क. हर्नियाच्या ऑपरेशनला तुम्ही नदीपलीकडेच होतात ना, आणि तिथे फॉर्म भरून संशोधनाला रक्तही दिलं होतंत? मग तुम्हीही सोमवारी वारलात. मामींचा मोबाईल हळूच घ्या आणि तो मेसेज तेवढा पुसून टाका.

शेवटचा ता.क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात मामींचाच फोन. मेसेज वाचला म्हणे. त्यात 'त्यांचा शांत, समजूतदार स्वभाव सदैव स्मरणात राहील' असं वाचलं आणि त्यांच्या लक्षात आलं, हे दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. तेव्हा मामा, तुम्ही घरीच आराम करा. फोनवर बसायला मामींना पाठवा.