येताना रिकामा डबा आणावा

माळवस्ती, निमगाव केतकी,
सोमवार

आमचे मानाचे व्याही आबासाहेब यांस सर्जेरावचा बसल्या जागेवरून नमस्कार. (बसल्या जागेवरून अशासाठी की कालचा दिवस पत्र्यावर उभं राहून काढल्यामुळं आज पाठ वाकत नाही. मनानं पुरता वाकलोय असं समजा.) तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंची साखर आटोक्यात असावी. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही म्हणाल, पत्र कशाला, फोन करायचा. आबासाहेब, वस्तीवर फोनला रेंज असती तर काल जे झालं ते झालंच नसतं, आणि तुम्हाला कळवायलाही काही उरलं नसतं.

संक्रांतीला तुम्ही मोठ्या मनानं बोललात, की बारामतीतल्या घराच्या वरच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत, श्रेया आणि शिवमनं तिथं येऊन राहावं. (मन मोठं आहेच. खोल्याही मोठ्या आहेत, असं आमचे चिरंजीव सांगत होते. पलंग कुठं बसेल ते त्यांनी पाहूनही ठेवलंय.) तुमच्या लेकीची नोकरी घरबसल्याची आणि आमच्या घरात बसून ती होत नाही, ही अडचण मला मान्य आहे. रोज सकाळी पोरगी स्कूटीवर निमगावात जाते आणि तिथल्या खताच्या दुकानात नेट आहे म्हणून मागच्या बाजूला, युरियाच्या पोत्यांमध्ये लॅपटॉप मांडून बसते. आता कंपनीनं बजावलंय की एक मार्चपासून घरात धड नेट पाहिजे, नाहीतर नोकरीचं सांगता येत नाही. म्हणजे एकतर आमच्या घरात नेट, नाहीतर तुमच्या वरच्या खोल्या. काल मांडवात मी वस्तीची प्रगती वगैरे बोललो, ते भाषण होतं. तुम्हाला खरं लिहितो. मला मुलगा आणि सून घरात पाहिजेत. संध्याकाळी श्रेया आली की घरात बोलणं सुरू होतं. ती नसली की मी आणि सरुबाई एकमेकांकडं बघत बसतो, आणि पस्तीस वर्षांत ते सगळं बघून झालंय. शिवाय मुलगा सासऱ्याच्या घरी राहायला गेला की त्याला गावात काय म्हणतात तो शब्द मी या पत्रात लिहिणार नाही.

आमच्या वस्तीवर घरं अकरा. अकरा घरांसाठी निमगावातून वायर ओढायला कुठलीच कंपनी तयार नाही. तेव्हा श्रेयानंच वैष्णवी नावाच्या एका मुलीला गाठलं. ती बारामतीत शिकवते आणि रविवारी गावोगावी जाऊन लोकांकडून त्यांचं स्वतःचं नेट उभं करून घेते. तिची रीत अशी, की दुकानातलं नेट हवेतून वस्तीकडं सोडायचं आणि इकडं ते डब्यात पकडायचं. (मी कारखान्यात तीस वर्षं वायरमन होतो. हे ऐकून मी तिला पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.) गोल डबा घ्यायचा, त्याला बाजूनं एक भोक पाडायचं, भोकातून आत बोटाच्या पेराएवढी तांब्याची तार उभी करायची, तारेला केबल जोडून ती घरातल्या नेटच्या पेटीला लावायची, आणि डब्याचं तोंड दुकानाकडं करून तो उंच बांधायचा. तिची अट एकच होती, की करून देणारा कुणी नाही, प्रत्येक घरानं आपापल्या हातानं आपापला डबा करायचा, म्हणजे उद्या बिघडला तर बारामतीकडं बघत बसायला नको. दुकानावरची बाजू तिनं आधीच बसवून ठेवली होती. रविवार ठरला, आमच्या अंगणात मांडव टाकला, आणि मी अकरा घरी चिठ्ठ्या दिल्या. चिठ्ठीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘येताना रिकामा डबा आणावा.’ ‘रिकामा’च्या खाली दोन रेघा मारल्या.

आबासाहेब, एकूण सत्तावीस डबे आले आणि सत्तावीसच्या सत्तावीस भरलेले. शेंगदाण्याची चटणी, कुरडया, गूळ, लिंबाचं लोणचं, एकात सोललेलं डाळिंब, आणि भीमाच्या घरून तर गरम शिरा, तुपासकट. मी म्हाळसाकाकूंना चिठ्ठी दाखवली, रेघा दाखवल्या. त्या माझ्याकडंच दयेनं बघायला लागल्या. म्हणाल्या, “लग्नाच्या पत्रिकेत आहेर आणू नये म्हणून लिवत्यात, तवा कुणी मोकळ्या हातानं येतं व्हय?” सगळ्यांनी माझ्या रेघांचा अर्थ असा लावला होता, की सर्जेरावांचा संकोच बघा किती. चांगल्या कामाला दुसऱ्याच्या दारात रिकामा डबा न्यायचा ही गोष्ट कुणाच्या मनातही आली नाही. (श्रेयानं मागितला म्हणून तुमच्या घरून एसटीनं आलेला डबाही लाडवांनी भरलेला होता. मी काही म्हणत नाही. लाडू फार चांगले होते.) डबे मोकळे करायचे तर घरातली सगळी पातेली आधीच स्वयंपाकात अडकलेली. शेवटी सगळ्यांनी बसून खायला घेतलं. दहाची शिकवणी साडेबारा वाजता सुरू झाली, तीही अर्धी माणसं सुस्तावलेली असताना.

पुढचा घोळ भोकाचा. आमच्या लोकांनी मानाचे डबे आणले होते, जाड स्टीलचे, लग्नात आलेले, वर देणाऱ्याचं नाव यंत्रानं कोरलेलं. वैष्णवीनं ड्रिल मशीन हातात घेतलं आणि बायकांनी आपापले डबे पदराखाली घेतले. आत्याच्या नावाला भोक पाडायचं नाही, असं एकीनं सांगितलं. दुसरी म्हणाली, मामाचा डबा आहे, मामा अजून येतो-जातो, त्याला काय दाखवू? पुरुषमंडळी कडेला उभी राहून मशीन कसं धरावं ते सांगत होती, आणि ज्याला धरायला सांगावं तो दुसऱ्याला पुढं ढकलत होता. वैष्णवी हसत होती, पण तिचं हसू कमी कमी होत गेलेलं मला दिसत होतं. श्रेया तांब्याच्या तारा मापानं तोडून ओळीनं मांडत होती. अकरा तारा झाल्या, तिनं मान वर करून बघितलं, डबा एकही नाही. ती पुन्हा मान खाली घालून आहेत त्याच तारा मोजायला लागली. ते बघून मला कसंतरीच झालं.

तेवढ्यात आमची सरुबाई उठली, आत गेली आणि तिच्या आईनं लग्नात दिलेला मसाल्याचा डबा घेऊन आली. त्यातलं तिखट तिनं सगळ्यांदेखत पेपरावर ओतलं, डबा पदरानं पुसला आणि वैष्णवीच्या पुढ्यात ठेवला.

“पाड पोरी भोक,” ती म्हणाली. “सून गेल्यावर ह्यातलं तिखट कुणासाठी कुटू?”

श्रेयानं तोंड फिरवलं. मी मशीनचं बिट तपासायला लागलो, त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. मला भरून आलं होतं, आबासाहेब, आणि हे तुम्हाला लिहायला लाज वाटत नाही. पहिलं भोक मीच पाडलं. मग म्हाळसाकाकूंनी डबा पुढं केला, फक्त भोक नावाच्या विरुद्ध बाजूला पाडायचं या अटीवर, आणि बघता बघता नऊ डबे झाले.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण वर चढून सरुबाईचा डबा पाइपाला बांधला, तर मध्ये भीमाचा ऊस. तुऱ्यावर आलेला, दोन पुरुष उंच, आणि बरोबर दुकानाच्या रेषेत. वैष्णवीनं समजावलं की उसात पाणी असतं, लहरी त्यातून जात नाहीत. भीमाला ते लागलं. “आमी आजवर कुणाची वाट आडवली न्हाय,” असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. (शेजाऱ्याची वाट अडवल्याची त्याची केस तहसीलला चार वर्षं चालू आहे.) कारखान्याची तोड मिळाल्याशिवाय कांडं हलणार नाही, आणि त्याची तोड मार्चअखेर. मी पत्र्यावर डबा धरून उभा, आणि खालून चाळीस माणसं डावीकडं, उजवीकडं, आणखी जरा वर असं जुन्या टीव्हीचा अँटेना फिरवताना सांगायचे तसं सांगतायत. चार मिनिटं नेट आलं. चाळीसही जणांनी एकदम फोन जोडले आणि ते गेलं. संध्याकाळी वैष्णवीला बळंच तीन डबे चटणी देऊन एसटीत बसवलं. ती दमली होती. पुन्हा येते म्हणाली, पण तिच्या जागी मी असतो तर आलो नसतो.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
सर्जेराव

ता. क. : लिहायचं ते राहूनच गेलं. भीमाचा ऊस तुटेपर्यंत महिनाभर तरी जाईल. तेवढ्यात श्रेयानं खोल्यांचं विचारलं, तर दुसऱ्या कुणाला दिल्या म्हणून सांगा. एवढंच खोटं बोला. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

ता. क. दुसरा, बुधवार : टपालात टाकायला जाणारं कुणी भेटलं नाही, म्हणून पत्र घरातच आहे. काल शिवमनं पाइपाला दहा फुटांचा जोड दिला. डबा तुऱ्याच्या वर गेला आणि नेट आलं ते गेलंच नाही. श्रेया आता घरातच काम करते. वरचं खोटं बोलायची गरज नाही. मी फार आनंदात आहे.

ता. क. तिसरा, शनिवार : आबासाहेब, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा श्रेयाच्या मीटिंगा चालतात. ती ओठांवर बोट ठेवते आणि आम्ही गप्प बसतो. मिक्सर बंद, टीव्ही बंद. मला खोकला आला की मी गोठ्यात जाऊन खोकतो. म्हैस ओरडली की सरुबाई तिला हात जोडते. काल मी बनियनवर मागून गेलो तर स्क्रीनमधल्या एका गृहस्थांनी नमस्कार केला, म्हणून मी थांबून त्यांना पाऊसपाणी विचारलं, तर रात्री शिवमनं मला समजावलं. चार दिवसांत मी आणि सरुबाई खुणांनी बोलायला लागलोय. तेव्हा वरच्या खोल्या अजून मोकळ्या असतील तर कुणाला देऊ नका. आम्हा दोघांना एक पुरे. सकाळच्या एसटीनं येऊ आणि सहानंतर परत जाऊ. श्रेयाला मात्र यातलं काही कळू देऊ नका. आपल्यामुळं आम्हाला अडचण होते असं तिच्या मनात आलं, तर पोरगी घर सोडून जाईल.