शटर बिघडलं नव्हतं

नवनाथ,

गॅरेजचं शटर उघडलं. तुझा मेकॅनिक काही येईना, म्हणून आज तू ड्युटीवर गेल्यावर मीच बघितलं. रिमोटचा सेल बदलला, रुळांतला कचरा ब्रशने काढला, तरी ते हलेना. मग स्टुलावर चढले. मोटरची पिन काढून वायर वर गुंडाळून ठेवलेली, आणि आतली कडी तारेने बांधलेली. इतकी नीट गाठ उंदीर मारत नाहीत.

शुभांगीला विचारलं तर बिचारी खाली बघत म्हणाली, "आई, त्यांना तुमची काळजी वाटते हो."

काळजी वाटते तर तोंडावर सांगायचं. तुझे बाबा गेल्यावर मी गाडी शिकले, तेव्हा कॉलनीभर पेढे तूच वाटलेस. आता एकदा गेटला आरसा घासला, तर मी घरात बसायचं? तू बंपर फोडलास तेव्हा तुला कोणी कोंडलं नव्हतं.

विठामावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. चांदवडला तिच्या डोळ्यात थेंब घालायलाही कोणी नाही. मी गाडी घेऊन तिच्याकडे चालले आहे. तार पक्कडीने कापली, पिन जागेवर लावली. पोचल्यावर शुभांगीला फोन करीन. तुझा राग निवला की तुलाही करीन.

फारच जीव टांगणीला लागला, तर रविवारी एसटीने चांदवडला ये. परत येताना तुला मी गाडीतून आणीन. पुढे बसायचं, पण तोंड बंद ठेवायचं.

आई