मशीनला माझं अक्षर लागतं

१२ जानेवारी १९९७, रविवार
ऑगस्टपासून या वहीत एक ओळ नाही, याबद्दल स्वतःची माफी मागतो. तीन कारणं लिहिली होती, तिन्ही खोडली. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, हेच खरं.
आता घडलं आहे. आमचे मालक जयंतीभाई यांनी कंपनीसाठी हातात मावणारा कॉम्प्युटर मागवला. की-बोर्ड नाही. काचेवर प्लॅस्टिकच्या पेनाने लिहायचं, तो अक्षर वाचून छापील करून दाखवतो. पंचवीस तारखेला सुरतच्या कापड व्यापाऱ्यांच्या परिषदेत डेमो मी द्यायचा.
डेमो जमला तर पुण्याच्या नव्या शाखेवर मला पाठवाल का, असं स्पष्ट विचारलं. जयंतीभाई म्हणाले, "जोईशुं." म्हणजे बघू. त्यांचा स्वभाव पाहता हे जवळजवळ हो आहे.
तीन वर्षं बायको नीला आणि मुलगी अपर्णा पुण्यात, नीलाच्या बँकेतल्या नोकरीमुळे, आणि मी इथे सुरतला. एप्रिलपासून तिघं एका घरात. एसटीडी बूथवरून नीलाला कळवलं. तीही म्हणाली, "बघू." ती जपून बोलते.

१४ जानेवारी, मंगळवार
सगळं सुरत गच्चीवर पतंग उडवतंय. खालच्या पटेलांनी उंधियू खायला बोलावलं. कामामुळे नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही, हे बरं झालं.
मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे: मालकाने रोज दोन पानं लिहावीत, म्हणजे मशीन त्याचं अक्षर शिकतं. पानं पुसली तर शिकलेलंही जातं. पान उलटायचं तर काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर पेन टेकवायचं.
काय लिहावं हा प्रश्न. ऑफिसचं चार ओळींत संपलं. मग नीलाला लिहायला घेतलं. मशीनला फक्त इंग्रजी येतं, त्यामुळे सतरा वर्षांच्या संसारात बायकोशी प्रथमच इंग्रजीत बोललो. इंग्रजीत मी बराच धीट आहे असं दिसलं.
शंका: कंपनीच्या मशीनवर खाजगी मजकूर लिहावा का? सराव हे कंपनीचंच काम. लिहावा.

१९ जानेवारी, रविवार
बारा पानं. दहातले नऊ शब्द बरोबर. माझं अक्षर अपर्णालाही लागत नाही, मशीनला लागतं. आता ऑफिसातून घरी यायची घाई होते.
नीलाला डेमोला बोलावलं होतं. अपर्णाची दहावीची प्रिलिम आहे, जमणार नाही म्हणाली. मीच आधी विचार करायला हवा होता. तिळगुळाचं पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. पत्ता मात्र तिच्याच अक्षरात, पिनकोडसकट.

२४ जानेवारी, शुक्रवार
संकल्प: १. सावकाश बोलणे. २. विनोद एकच. ३. सेठ लोकांसमोर हात न चोळणे.
नवागामहून पोळ्या करायला येणाऱ्या सखुबाईंना मशीन दाखवलं. त्यांनी आधी त्याची पाठ पाहिली. "भाऊ, नवी वस्तू घरमा उनी, नि कुकू नही लावं?" हे विज्ञान आहे, घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला कुंकू लागत नाही, असं मी समजावलं. त्यांनी कणीक मळत मान हलवली. मला ते पटल्यासारखं वाटलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार, सकाळी ७
कुंकू लावलं. माझा विश्वास नाही. पण पुण्याचा प्रश्न आहे. काच सोडून, फक्त पाठीला, हे शास्त्राला धरून. वरून चार अक्षता. तीन परत मिळाल्या. चौथीसाठी थांबलो असतो तर रिक्षा गेली असती.

सायंकाळी ६
क्रमाने लिहितो.
हॉलमध्ये दीडशे व्यापारी. मशीन केबलने मोठ्या पडद्याला जोडलेलं. मी सावकाश बोललो. विनोद केला. मग पेन टेकवायच्या आधीच पान उलटलं. पुन्हा उलटलं. माझी सरावाची पानं, छापील, फूटभर अक्षरांत, एकामागून एक. चौथी अक्षता कोपऱ्यातल्या फटीत अडकून काच दाबत होती, हे नंतर कळलं.
पहिल्या रांगेतले परिषदेचे सेक्रेटरी मागच्यांसाठी मोठ्याने गुजरातीत भाषांतर करू लागले. मदतीच्या भावनेने. पडद्यावर: आज खिचडीत मीठ विसरलो. तुझी निळी शाल अजून इथेच आहे, धुतलेली नाही. पुण्याला आलो तर तुला चालेल ना? नक्की विचारतो आहे.
केबल काढायची हे मला सुचायला हवं होतं. मी हात चोळत होतो.
शेवटच्या पानावर एक म्हातारे सेठ उठले. म्हणाले, "मशीन तो सारुं वांचे छे. पण साहेब, आ बधुं बेनने कहो ने." मशीन वाचतं चांगलं, पण हे सगळं बायकोला सांगा. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

२७ जानेवारी, सोमवार
जयंतीभाई खूश. मशीनने एकही शब्द चुकवला नाही, असं बाजारात बोलतात. म्हणजे डेमो जमला, असं म्हणायला हरकत नाही.
मशीन पुण्याच्या शाखेत जाणार. त्यांच्या जावयांबरोबर. शाखा तेच पाहतील. त्यांचं अक्षर शिकण्यासाठी मशीन कोरं हवं. मी माझं विचारलं. "जोईशुं."
त्या म्हाताऱ्या सेठचं ऐकायचं ठरवून बूथवर गेलो. नीलाने विचारलं, डेमो कसा झाला. मशीनने सगळं वाचलं, म्हणालो. ती म्हणाली, "आणि तुम्ही? पुण्याचं काय?"
सगळं तोंडाशी आलं होतं. इंग्रजीत. मागे तीन माणसं रांगेत उभी होती.
"बघू," म्हणालो.
तिने फोन ठेवला.

उद्या: मशीनमधली सव्वीस पानं पुसणे.