लता उभी राहिली तो सोमवार

जळगाव,
दि. २४ मे १९८७

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

अक्षर पाहून घाबरू नकोस. मी उताणी पडून, परीक्षेचं पॅड तोंडासमोर धरून लिहिते आहे. बॉलपेन उलटं धरलं की तीन शब्दांत कोरडं पडतं, म्हणून पेन्सिल. यापुढची सगळी पत्रं अशीच येतील.

दोन महिने पाठ दुखत होती, तो दोष मी खो-खोच्या माथी मारत होते. शाळेच्या मुलींना घेऊन भडगावला स्पर्धेला गेले, तिथे चुन्याची रेघ मारायला वाकले ती सरळच होईना. फोटो काढला, तर मणक्याचा क्षय निघाला. दोन मणके किडलेत. रोज इंजेक्शन, मूठभर गोळ्या आणि दिवाळीपर्यंत लाकडी फळीवर पडून राहणं. बसायचं नाही, उठायचं नाही, कुशीवर व्हायचं तेसुद्धा दोघांनी धरून. नाही ऐकलं तर काय, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाय जातील.

अक्का, बावीस वर्षं मी पोरींना पळायला शिकवते आहे. आता दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि वर पत्रे. पत्र्यांना एकशे बारा खिळे आहेत. ऊन तर असं की पत्रे दुपारभर कडकड वाजतात. हे सकाळच्या पॅसेंजरने रावेरला केळीच्या सोसायटीत जातात ते दिवेलागणीला येतात. दिवसभर शेजारची सुंदरबाई पाहते. भांडंसुद्धा तीच देते. एके काळी आम्ही दोघी जिल्ह्याच्या संघात खेळायचो, आणि आता हे. मला लाजेने मरायला होतं आणि ती मात्र तोंडाने भाजीचे भाव सांगत असते.

धीर धर असं लिहू नकोस. सगळे तेच सांगतात. बाकी काहीही लिही.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो जरा लवकर पोस्टात टाकत जा.

तुझी,
लता

---

धुळे,
दि. ५ जून १९८७

चि. सौ. लता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. उठून यावं तर आमची बेबा पहिल्या बाळंतपणाला आली आहे, आणि तिला सातव्यातच रक्तदाब निघाला. तिला टाकून येता येत नाही आणि तुझ्याकडे आल्याशिवाय राहवत नाही. धीर धर असं लिहायचं नाही म्हणतेस, तर नाही लिहीत. तसाही तुला तो कधी नव्हता. आईच्या पोटातसुद्धा तू नऊ महिने थांबली नाहीस.

सोबत एक डबा पाठवते. त्यात तुझ्या दाजींचा तोंडाने वाजवायचा बाजा आहे. लग्नाआधी ते वाजवायचे म्हणे. लग्नानंतर एकदा वाजवला आणि मी तो ट्रंकेत टाकला. डॉक्टरांना विचारून घे. छाती साफ आहे म्हणतात, तर फुंकायला हरकत नसावी. हा झोपूनही वाजतो. तुला शिट्टी फुंकायची सवय आहेच, आता जरा सुरात फुंक.

हे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाजा गेल्याचं दुःख नाही, मला तो कुठे आहे हे पंचवीस वर्षं माहीत होतं, याचा राग.

तुझ्या गुलाबरावांना आशीर्वाद. फळी सोडायची नाही, एवढीच माझी माया समज.

तुझी,
अक्का

---

जळगाव,
दि. ९ जुलै १९८७

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

दाजींना सांग, त्यांच्या बाज्याने गल्लीत नाव काढलं आहे. पहिल्या आठवड्यात समोरच्या म्हाताऱ्या आबांनी घरात कुणी अत्यवस्थ आहे का म्हणून विचारायला माणूस पाठवला. आता मला आरतीची चाल येते आणि लग्नातली दोन गाणी येतात.

सुंदरबाईने आमच्या संघातल्या लिलाबाईलाही ओढून आणलं. ती दोन गल्ल्या सोडून राहते, ब्लाउज शिवते. दर गुरुवारी दुपारी तिघींची बैठक. लिलाबाई ताटावर ठेका धरते, सुंदरबाई गाते, मी फुंकते. पायाच्या बोटांनी मी ताल धरते, तेवढंच हलवायला मोकळं आहे. परवा लिलाबाई हसता हसता खुर्चीवरून घसरली. मलाही हसू आवरेना आणि हसल्यावर पाठीत कळ आली, पण अक्का, ती कळ परवडली.

गुरुवार गेला की मात्र शुक्रवार येतो. शुक्रवारी मला कुणी बोललेलं खपत नाही. परवा ह्यांनी प्रेमाने सांगितलं की आणखी चारच महिने, आणि मी पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. त्यांनी काचा वेचल्या. पाय नुसते शिवशिवतात गं. मैदानावर मुली पळताहेत आणि मी त्यांच्या मागे, असं रोज दिसतं.

बेबाला जप. तुझा लोभ आहे म्हणून हे सारं लिहिते, नाहीतर कुणाला लिहू.

तुझी,
लता

---

जळगाव,
दि. ५ ऑगस्ट १९८७

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

यंदाची कानबाई कधी विसरणार नाही. श्रावणातल्या या रविवारी सुंदरबाईकडे नारळाच्या रूपात कानबाई देवी बसली. नैवेद्याच्या रोटांचा वास भिंतीतून येत होता. आम्ही तिघींनी रात्रीच्या गाण्यांसाठी महिनाभर तयारी केली होती. मी माझ्या फळीवरून बाजा वाजवला, मधल्या दाराने त्यांना ऐकू गेला, आणि बायांनी त्यावर गाणी म्हटली.

सोमवारी विसर्जन. सगळी गल्ली धुऊन काढली होती. दारोदारी चौरंग मांडले होते. कानबाई डोक्यावर घेतलेल्या बाईचा चेहरा घामाने निथळत होता आणि नारळाची नथ एका बाजूला कलली होती, ती कुणीच सरळ केली नाही. लिलाबाई हिरव्या लुगड्यात अशी फुगडी खेळली की तरण्या सुना बाजूला झाल्या. आपल्या दारात आरती झाली. मी आपली आतून ऐकत होते.

आज मन फार हलकं आहे. किती दिवसांनी असं चार ओळी सरळ लिहावंसं वाटलं. मी चांगली आहे, काळजी करू नकोस.

दाजींना नमस्कार, बेबाला आशीर्वाद. माया असू दे.

तुझी,
लता

---

धुळे,
दि. ११ ऑगस्ट १९८७

चि. सौ. लता हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र बॉलपेनने लिहिलेलं आहे.

ओळी पट्टीने आखल्यासारख्या आहेत. उताणं पडून पेन चालत नाही, हे तूच मला कळवलं होतंस. आणि आतून ऐकणाऱ्या बाईला कलती नथ कशी दिसली? हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात. तू उठलीस. किती वेळा उठलीस, कुणी उठवलं आणि आता तुझे पाय कसे आहेत, हे सगळं मला उलट टपाली कळव. खोटं लिहिलंस तर बेबाला शेजारणीवर सोपवून मी पहिल्या एस.टी.ने येईन.

टपाल निघायच्या आत हे पेटीत टाकते, यापुढे लिहीत नाही.

अक्का

---

जळगाव,
दि. १५ ऑगस्ट १९८७

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार.

उठले. कानबाई दारात येऊन उभी आणि मी घरात पाय पसरून पडलेली, हे मला सोसेना. मी लिलाबाई-सुंदरबाईच्या मागे लागले. त्या नाही म्हणत होत्या. मग मी रडले, तेव्हा दोघींनी दोन बाजूंनी खांदे दिले आणि उंबऱ्यापर्यंत नेलं. आरती संपेपर्यंत उभी होते. बस्, तेवढंच. त्या दोघींनी मला परत निजवलं आणि आपापले कान धरले.

पण नंतर दोन दिवस दुपारी कुणी नसताना मी एकटी उठून बसले. तुझं पत्र बसून लिहिलं. फार बरं वाटलं, खोटं का सांगू.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी जाग आली तेव्हा डाव्या पायाची बोटं माझी राहिली नव्हती. उजव्या पायाने चोळून पाहिली, दुसऱ्या कुणाची तरी चोळावीत तशी. विसर्जनाच्या आदल्या रात्री याच बोटांनी मी ताल धरला होता. आता आठ-दहा दिवस झाले, तशीच आहेत.

मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना सांगितलं तर ते नोकरी सोडून उशाशी बसतील. त्या दोघींना कळलं तर त्या आयुष्यभर स्वतःला खातील. तूही सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे. मला फार भीती वाटते आहे, अक्का.

तुझी,
लता

---

धुळे,
दि. १८ ऑगस्ट १९८७

सौ. लिलाबाई यांस,
स. न. वि. वि.

मी लताची धुळ्याची अक्का, आपली ओळख तिच्या पत्रांतूनच. तिने मला शपथ घातली आहे आणि मी ती मोडते आहे, पाप लागलं तर मला लागो.

लताच्या डाव्या पायाची बोटं बधिर आहेत आणि तिने ते घरात लपवून ठेवलं आहे. पत्र मिळताच डॉक्टरांना घरी घेऊन जा. ती दुपारी एकटी असताना उठून बसते. तिला यापुढे घटकाभरही एकटी सोडू नका. गुलाबराव पुरुष माणूस, ती त्यांना गुंडाळून ठेवील. तुम्हाला ती गुंडाळू शकणार नाही, कारण तुम्ही तिच्याबरोबर खेळलेल्या आहात.

मी येऊ शकत नाही. माझ्या जागी तुम्ही दोघी आहात असं मी धरून चालते.

आपली,
द्रौपदाबाई

---

जळगाव,
दि. १० सप्टेंबर १९८७

ती. द्रौपदाअक्का यांस,
लिलाचा नमस्कार.

मी चौथी शिकलेली बाई, मन्हं लिखनं असंच शे, हसू नका.

डॉक्टरांना त्याच दिवशी आणलं. त्यांनी टाचणी टोचून पाहिली. औषध वाढवलं आणि फळी संक्रांतीपर्यंत वाढवली. लता आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. न बोलो. मी मशीनच तिच्या खोलीत आणून ठेवलं आहे. सकाळी मी शिवते, दुपारी सुंदरबाई बसते. तुमचं पत्र आल्यापासून तिला एकटं सोडलं नाही. नवव्या दिवशी मशीनचा आवाज बाज्यात मिसळतो म्हणून ती भांडली, तेव्हा मला बरं वाटलं. आता ती वाजवते, मी मशीन चालवते, आणि ठेका चुकला की शिव्या खाते.

अक्का, एक विचारायचं होतं. कानबाईला आम्हीच दोघींनी तिला उभं केलं. तिचा पाय त्यानेच गेला का? सुंदरबाई देवापुढे नाक घासते, मला अन्न गोड लागत नाही. लताला विचारलं तर ती बाजा तोंडाला लावते. तुम्हाला ती सगळं लिहिते. आधीपासून होतं की नंतर झालं, एवढंच कळवा. जे असेल ते खरं सांगा.

आपली,
लिला

---

जळगाव,
दि. ११ फेब्रुवारी १९८८

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मी चालले.

डॉक्टरांनी सव्वीस जानेवारीला पट्टा बांधून उभं राहायला सांगितलं, आणि तुला हसू येईल, मी नाही म्हटलं. आठ महिने ज्याच्यासाठी तडफडले ते समोर आलं आणि मला घाम फुटला. खोली फिरायला लागली. दोन आठवडे रोज उद्यावर ढकललं. ह्यांनी समजावलं, डॉक्टर रागावले. मी फळीला धरून बसले.

मग त्या दोघी परवा जुन्या संघातल्या आणखी तिघींना घेऊन आल्या. पलंगापासून दारापर्यंत दोन-दोन पावलांवर पाच स्टुलं ठेवली आणि खो-खोला बसतात तशा बसल्या, एकीचं तोंड इकडे, पुढचीचं तिकडे. मी दोन पावलं टाकायची, पुढचीच्या पाठीला हात लावून खो द्यायचा, ती उठणार आणि मी तिच्या जागी बसणार. दोनच पावलं, अक्का. दोन पावलांना नाही कसं म्हणायचं? पाचवा खो दिला तेव्हा मी दारात होते आणि बाया गुडघे चोळत होत्या.

आता दुसरं. डावी बोटं आली नाहीत. पाऊल घासत पडतं. पळता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी एक दिवस पोटभर रडले. शाळेत आता बसून शिकवीन, शिट्टी तर फुंकता येते.

हे त्या सोमवारमुळे झालं का, ते मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. विचारलं तर ते काहीतरी सांगतील, आणि ते मग माझ्या तोंडावर दिसेल. लिलाबाईला मी सांगितलं आहे की बोटं आषाढातच बधिर झाली होती, मी लपवलं होतं. तिचा विश्वास बसत नाही. म्हणते, धुळ्याच्या अक्कांना विचारलं होतं, पाच महिने झाले, त्यांनी उत्तर दिलं नाही.

तू का नाही दिलंस ते मला कळतं. तुला खोटं लिहिणं जमत नाही. पण एवढं कर माझ्यासाठी.

बेबाच्या सोन्याला पापा. माझ्यावरचा लोभ यंदा थोडा त्या दोघींना वाटून दे.

तुझी,
लता

---

धुळे,
दि. १७ फेब्रुवारी १९८८

सौ. लिलाबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या पत्राला पाच महिने उत्तर दिलं नाही, क्षमा असावी. घरात बाळंतीण होती, पत्रं इकडची तिकडे झाली. आज सगळी काढून तारखेने लावली आणि पुन्हा वाचली.

डाव्या पायाची बोटं बधिर झाल्याचं लताने मला आषाढात कळवलं होतं. ९ जुलैचं पत्र आहे, माझ्या समोर आहे. कानबाई त्यानंतर तीन आठवड्यांनी बसली. त्या सोमवारचा आणि पायाचा काही संबंध नाही. सुंदरबाईंनाही हे वाचून दाखवा आणि देवापुढे नाक घासणं बंद करायला सांगा.

यंदा कानबाईला मी जळगावला येणार आहे. लताला विसर्जनाला तलावापर्यंत न्यायचं, असं मी ठरवलं आहे. लांबचा रस्ता आहे, तिचं पाऊल घासतं, मध्ये धरावं लागेल. एका बाजूने तुम्ही धरा, एका बाजूने सुंदरबाई. दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर मी माझी बहीण सोपवणार नाही.

आपली,
द्रौपदाबाई