लिथियम सुटताना

५ फेब्रुवारी

किडनी! इतकी वर्षं सगळे माझ्या डोक्यावर डोळा ठेवून बसले आणि दगा दिला तो किडनीने.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला, एका आकड्यावर पेन टेकवलं. "लिथियमने तुम्हाला चांगलं सांभाळलं. पण किडनीला आता ते झेपत नाहीये. हळूहळू कमी करत थांबवावं लागेल."

मग माझं काय?

पर्याय आहेत म्हणाल्या. एक गोळी उदासीला चांगली आवरते, पण डोस फार सावकाश वाढवायचा, आणि अंगावर पुरळ दिसलं तर लगेच फोन करायचा. दुसरी दोन्हीकडून सांभाळते, मन चढतानाही आणि उतरतानाही. पण झोप फार येते, भूक वाढते, वजन आणि साखर बघत राहावं लागतं. तिसरी — "केस गळतात ती?" "काहींचे गळतात." आणि फारच वेळ आली तर विजेचे शॉक आहेतच. मागे त्यांनी मी उठून बसले, जेवायला लागले, खोटं कशाला बोला. पण त्याआधीचा अख्खा उन्हाळा आठवणीतून गेला तो गेलाच.

भाजीवाल्याला विचारतात तसं विचारावंसं वाटलं — यातलं ताजं काय आहे? नाही विचारलं. मी विनोद केला की त्या काहीतरी लिहून घेतात.

दुसरी घेतली.

६ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. लिफ्टच्या कामावरून परतताना तो रोज डोकावतो, हाताला ग्रीसचा वास. दारातच थांबला.

"लिथियम बंद? कुणाला विचारून?"

"डॉक्टरांना विचारून. आणखी कुणाला विचारू?"

"किडनीचं पुढचं पुढे. आधी डोकं सांभाळ."

गच्चीच्या कठड्यावरून मला खाली उतरवलं ते त्याने. नवऱ्याने हात टेकले तेव्हा टेम्पो घेऊन मला न्यायला आला तोही हाच. पण तेव्हापासून एकदाही "कशी आहेस" म्हणाला नाही. झोपलीस का? गोळी घेतलीस का? झालं. वहिनी तर पटकन विषयच बदलते.

१९ फेब्रुवारी

सकाळी अंग शिशाचं. दात घासताना बेसिनला टेकून डुलकी लागली!

दातांच्या लॅबमध्ये आज सहा कवळ्या बनवायच्या होत्या. माझ्या शेजारी बसतो तो रेडिओ — आम्ही सगळे त्याला तेच म्हणतो — आल्यापासून जाईपर्यंत बोलत होता. मेव्हणा, मेव्हण्याची गाडी, गाडीचा क्लच. याचं रक्त कुणी तपासत नाही! मी जरा दोन वाक्यं जास्त बोलले की मालक चष्म्यावरून बघतात.

२ मार्च

हात थरथरत नाहीये.

मेणात दात बसवत होते. खालचे पुढचे, सगळ्यात नाजूक. लिथियम सुरू झाल्यापासून उजवा हात डाव्याने धरून बसवायचे मी. आज नुसताच ठेवला आणि बसला दात जागेवर. आपोआप! पुढचा. त्याच्या पुढचा.

कुणाला सांगावं? रेडिओ क्लचवर होता. समोरच्या कवळीलाच सांगितलं. ती हसत होतीच.

११ मार्च

घाबरले आहे. छान वाटतंय म्हणून.

सकाळी कामावर जाताना समोरच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. जुनी, पोपडे निघालेली भिंत. मी थांबून बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं इतकी सुंदर. आणि लगेच — आला! चढ परत आला! मागच्या खेपेलाही सुरुवात अशीच, सगळं सुंदर. मग तीन रात्री जागून स्वयंपाकघर निळं रंगवलं होतं.

आता हे विचारायचं कुणाला? आनंद झालाय, हा खरा की आजाराचा, हे माणूस कुणाला विचारतं?

डॉक्टरबाईंना फोन केला. झोप किती? भरपूर. उगाच खरेदी? नाही. डोक्यात विचारांची पळापळ? नाही. कुणाशी भांडलात? भांडायला कोण आहे!

म्हणाल्या, "मग तुम्ही नुसत्याच खूश असाल. होतं असं माणसांना."

फोन ठेवल्यावर हसू आलं, मग रडू. दोन्ही अगदी थोडं. मोजून मापून.

१२ मार्च

दादा आला. भिंतीचं त्याला सांगायला गेले — मूर्खपणा.

"डोळे बघ आरशात. चमकतायत. उद्याच्या उद्या जुनी गोळी परत पहिल्याइतकी सुरू कर."

"डॉक्टर म्हणाल्या ठीक आहे."

"डॉक्टर नव्हती गच्चीवर! मी होतो!"

आवाज चिरकला त्याचा. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. खुर्चीत बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. "थकलो गं मी. तुझ्यामागे धावून धावून थकलो."

"मग नको ना धावूस! कुणी बोलावलंय? मला जरा आनंदही होऊ देऊ नका तुम्ही!"

उठला आणि गेला. खिडकीतून बघितलं, तर फाटकापाशी बराच वेळ नुसता उभा होता, डावीकडे जावं की उजवीकडे ते आठवत नसल्यासारखा.

१३ मार्च

आला नाही.

१६ मार्च

आला नाही. बरं झालं. संध्याकाळ माझी, घर माझं. कुणाला हिशोब द्यायचा नाही.

एका बैठकीत अख्खी पावाची लादी खाल्ली. गोळीची भूक, दुसरं काय.

२४ मार्च

डॉक्टरबाईंनी समुपदेशकाकडे पाठवलं. नुसत्या गोळ्यांवर भागत नाही म्हणे. झोपायची-उठायची वेळ ठरलेली हवी, आणि स्वतःच्या खुणा ओळखता यायला हव्यात. तरुण मुलगा आहे, पण ऐकून घेतो. मध्येच पेन उचलत नाही.

"बिघडायला लागलं की पहिली खूण कोणती दिसते?"

खूप आठवून पाहिलं. मला माहीतच नाही! मला कळतं तोवर सगळं हाताबाहेर गेलेलं असतं. खूण दिसते ती दादाला. मी भरभर जेवायला लागते की गाणी अर्धवट सोडते, कोण जाणे काय बघतो तो.

"त्यांना विचारून याल पुढच्या वेळी?"

हो म्हटलं. फोन करायला घेतला नंतर. नाही केला. रुसलाय तो, त्याने करावा.

३१ मार्च

लिथियम संपून आठवडा झाला. रिकामी डबी धुऊन त्यात टाचण्या ठेवल्या. हात स्थिर. डोकं स्थिर. दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द — "जरा सरक", "वरची की खालची", "निघते".

२ एप्रिल

दुपारी वहिनीचा फोन. मला वाटलं रागावणार. रडत होती. "अगं, ते कामावर जात नाहीत. जेवत नाहीत. अंघोळ नाही. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय मला, तुला त्रास होईल म्हणून."

तशीच गेले, हाताला लॅबमधलं प्लास्टर लागलेलं. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी हाक मारली तरी वळला नाही. तसाच पडून, भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तुला कसं कळायचं गं, आता उठता येईल म्हणून?"

मी पलंगावर त्याच्या पायाशी बसले.

"कळायचं नाही, दादा. तू उठवायचास."